तिसरा नको

आमच्या सोसायटीत 'नको' हा शब्द भोयरसाहेबांइतका सुंदर कोणीच म्हणत नाही. कुणी ताटात काही वाढायला आलं, की ते आधी थोडे मागे सरकतात, दोन्ही पंजे ताटावर आडवे धरतात, मान कलती करतात आणि गाण्याच्या चालीवर म्हणतात, "नाही जी वहिनी, नको, लय झालं बाप्पा!" चेहऱ्यावर असं समाधान, की वाढणाऱ्यालाच पोट भरल्यासारखं वाटावं. एकच गोष्ट मला चमत्कारिक वाटायची. ताटावर धरलेल्या त्या पंजांची बोटं कायम फाकलेली असायची. त्या फटीतून बुंदीचा अख्खा लाडू आत गेला असता. मी आपली समजायचे, बोटांची ठेवणच तशी असेल.

भोयरसाहेब मूळचे यवतमाळकडचे. कारखान्यातल्या नोकरीत बदली होऊन पुण्यात आले आणि विश्रांतवाडीत आमच्या समोरच्या फ्लॅटमध्ये एकटेच राहू लागले. बायको तिकडे गावात मुख्याध्यापिका. तिची बदली इकडे होत नाही, यांची तिकडे होत नाही. ते तिला 'बाई' म्हणतात, कारण अख्खा गाव तिला बाई म्हणतो. रोज संध्याकाळी जेवण उरकलं की ते जिन्यात येऊन तिला फोन लावतात, कारण घरात रेंज मिळत नाही. फोनचा आवाज इतका मोठा, की आमच्या हॉलमध्ये दोन्ही बाजू ऐकू येतात. तिकडून पहिला प्रश्न, "जेवण झालं का?" आणि यांचं रोजचं उत्तर, "पोट भरलं, बाई. पोट भरलं." विदर्भात असंच म्हणत असतील म्हणून आम्ही सोडून दिलं होतं.

पुण्यात आल्यावर त्यांचा उजवा गुडघा कुरकुरायला लागला. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, वजन उतरवा, नाहीतर गुडघा बदलावा लागेल. कारखान्यात क्रेनवाल्यावर ओरडणारा हा माणूस सुईला मात्र भितो. "वहिनी, रक्त तपासाले जायचं असलं ना, तरी मी आदल्या दिवशी सगळ्या भावाबहिणींशी बोलून घेतो. न जाणो." ऑपरेशनचं नाव काढलं की ते खुर्चीतल्या खुर्चीत बारीक व्हायचे. तेवढ्याने वजन उतरत नाही म्हणून मग सकाळी चालणं, ज्वारीची भाकरी, पालेभाजी सुरू झाली.

घरी वजनाचा काटा त्यांनी आणला नाही. त्याचं कारणही त्यांच्याकडे तयार होतं. "घरचा काटा घरच्यासारखाच जी, मन राखून बोलते. गिरणीचा काटा परका. तो खरं सांगते." त्यामुळे दळणाला गेले की आधी ज्वारीचा डबा काट्यावर ठेवायचा आणि मग स्वतः चढायचं. गिरणीवाला रांगेतल्या सगळ्यांना ऐकू जाईल असं पुकारायचा, "ज्वारी तीन, साहेब एक्याण्णव!"

आता थोडं माझ्याबद्दल. मी सदाशिव पेठेत वाढले. आमच्या घरी पाहुण्याला एकदा विचारायचे. तो 'नको' म्हणाला की भांडं झाकून आत. माझे वडील म्हणायचे, "समोरचा सज्ञान आहे, त्याला त्याची भूक कळते. पुन्हा विचारणं म्हणजे त्याच्या शब्दावर संशय घेणं." याला आम्ही सभ्यता म्हणतो. बाहेरगावचे लोक दुसरं काहीतरी म्हणतात, तो त्यांचा प्रश्न.

होळीला मी भोयरसाहेबांना पुरणपोळीला बोलावलं. पहिली पोळी त्यांनी डोळे मिटून खाल्ली. दुसरी घेऊन गेले, तर पंजे आडवे. "नको जी वहिनी!" मी तिथल्या तिथे वळले. आत जाऊन ती पोळी मीच खाल्ली, तुपासकट आणि उभ्याने. उभ्याने खाल्लेलं मोजायचं नाही, असा माझ्या डाएटचा नियम आहे. बाहेर आले तर भोयरसाहेब अजून स्वयंपाकघराच्या दाराकडे बघत होते आणि पंजे तसेच ताटावर होते. मला वाटलं, केवढा हा संयम!

मग गणपतीत मोदक नको, दिवाळीत चकली नको, सेक्रेटरी फडतऱ्यांच्या नातीच्या बारशाला पेढाही नको. गिरणीतला आकडा हळूहळू खाली येत गेला. सोसायटीतल्या समस्त पोटांना त्यांचा हेवा वाटू लागला. माझे यजमान, श्रीकांत, आरशासमोर उभे राहून पोट आत ओढत मला म्हणाले, "शीक जरा भोयरसाहेबांकडून." मी म्हटलं, "आधी शर्टाचं बटण लावून दाखवा."

पण याच भोयरसाहेबांनी आम्हाला एकदा जेवायला बोलावलं, तेव्हा मात्र वेगळाच अवतार. बेत होता रोडग्यांचा. रोडगा म्हणजे कणकेचा जाड गोळा, खरपूस भाजायचा आणि फोडून तुपात बुडवायचा. एक खाल्ला तरी माणसाला झोप येते. दुसऱ्याला श्रीकांत 'नको' म्हणाले. ते भोयरसाहेबांच्या कानापर्यंत पोचलंच नाही. तिसरा त्यांनी "माझी शपथ आहे भाऊ" म्हणून वाढला, चौथा बाईच्या नावाने. स्वतः मात्र एक भाकरी आणि पालक घेऊन बसले होते. समोरच्या दारापर्यंत यायला श्रीकांतना भिंत धरावी लागली.

दुसऱ्या दिवशी मी त्यांना जिन्यात गाठलं. "अहो भोयरसाहेब, हे नको म्हणत होते ना?"

ते मनापासून गोंधळले. "हाव, पण तो पहिलाच नको होता ना जी."

मी हे हसण्यावारी नेलं.

मग आला सव्वीस जानेवारी. फडतऱ्यांना सत्काराची भारी हौस. यंदा झेंडावंदनानंतर त्यांनी भोयरसाहेबांना शाल-श्रीफळ दिलं आणि 'मनोनिग्रह' या विषयावर दोन शब्द बोलायची विनंती केली. मागे टेबलावर जिलब्या वाट बघत होत्या. भोयरसाहेब उभे राहिले, शाल सारखी केली आणि म्हणाले, "झेंडा समोर आहे, खोटं नाही बोलणार. मनोनिग्रह वगैरे काही नाही जी. घरी मी भाकरी खातो हे खरं. पण बाहेर मी काही सोडलं नाही. मी फक्त नको म्हणून राहिलो होतो."

फडतऱ्यांना वाटलं, हा नम्रपणा. त्यांनी टाळी वाजवली.

"आमच्याकडे पहिला नको म्हणजे नमस्कार," भोयरसाहेब सांगू लागले. "दुसरा नको म्हणजे वाढणाऱ्याचा मान. तिसऱ्यांदा विचारलं की मग माणूस खरं काय ते बोलते. मी इथं आलो, पहिला नको म्हटला, तर तुम्ही भांडं घेऊन आत गेले. मले वाटलं, गरम आणाले गेले असतील."

सगळे खदखदून हसले.

"अजून कोणी आलं नाही जी! म्हणून म्हणतो, वजन मी नाही उतरवलं, तुम्ही उतरवलं. ही शाल तुमची." आणि मग तेही हसत हसत म्हणाले, "फक्त बाईले रोज फोनवर काय सांगावं, ते समजत नाही. ती विचारते, जेवण झालं का. आता पोट तर भरते इथं. पण कोणी 'घ्या' म्हटल्याबिगर जेवण झालं, असं कसं सांगू?"

लोक अजून हसतच होते. मला नाही हसू आलं. दाराकडे लागलेली त्यांची नजर आठवली, आणि ती पुरणपोळी कुठे गेली तेही. इतका चांगला शेजार आम्ही स्वतःला समजत होतो आणि हा माणूस आमच्या डोळ्यांसमोर दरवेळी अर्धपोटी उठत होता, याचं मला फार वाईट वाटलं.

पुणेकर चूक सहसा मान्य करत नाही, पण केली तर नियमावलीसकट दुरुस्त करतो. त्याच दिवशी जिलबीपासून सुरुवात झाली. "भोयरसाहेब, हे पहिल्यांदा विचारलं. हे दुसऱ्यांदा. आता तिसऱ्यांदा, बोला!" आग्रह होता, पण लिलावासारखा. भोयरसाहेब तरीही खूश होते. अडचण एवढीच झाली, की तिसरा नको त्यांच्या तोंडून निघेना. "तिसऱ्यांदा विचारल्यावर नाही म्हणणं म्हणजे उंबऱ्यातून माणूस परत पाठवणं जी. जमत नाही." मग डिंकाचे लाडू झाले, गाजरहलवा झाला, कुणाच्या घरच्या साखरपुड्याचं श्रीखंडही झालं. गिरणीवाल्याने आकडा पुकारणं बंद केलं. आता तो त्यांच्या कानात सांगायचा.

जिना चढताना ते पुन्हा कठडा धरू लागले. प्रत्येक पायरीवर दोन्ही पाय टेकवायचे आणि वरच्या पायरीकडे बघत थांबायचे. डॉक्टरांनी होळीपर्यंत मुदत दिली. तोवर फरक पडला नाही तर ऑपरेशनची तारीख घ्यायची. हे मला सांगताना त्यांचा चेहरा रक्ततपासणीच्या आदल्या दिवसासारखा झाला होता.

फडतऱ्यांच्या कानावर हे गेलं आणि संध्याकाळी सूचनाफलकावर कागद लागला. 'श्री. भोयर यांना कोणीही, काहीही, एकदाही विचारू नये.' भोयरसाहेबांनी तो कागद चष्मा लावून वाचला. "बरोबर आहे जी, माझ्याच भल्याचं आहे," असं म्हणून वर गेले. त्या संध्याकाळी जिन्यातून पुन्हा ऐकू आलं, "पोट भरलं, बाई. पोट भरलं."

मला रात्री नीट झोप लागली नाही. या माणसाला विचारलं तर गुडघा जातो आणि नाही विचारलं तर जेवण जातं, हे काही मला पटेना. सकाळी भाजी घ्यायला गेले आणि काकड्यांच्या ढिगासमोर उभी असताना डोक्यात प्रकाश पडला. आग्रह गोडाचाच करायचा, असं कुठे लिहिलंय?

त्याच संध्याकाळी भोयरसाहेबांना जेवायला बोलावलं. एक भाकरी, मेथीची पातळ भाजी, मुगाचं वरण. भाकरी संपत आली तशी मी काकडीच्या फोडींनी भरलेली थाळी घेऊन बाहेर आले.

"भोयरसाहेब, काकडी घ्या."

पंजे ताटावर आडवे. "नाही जी वहिनी, नको."

माझे पाय सवयीने स्वयंपाकघराकडे वळले. सदाशिव पेठ पायांत असते. मी पायांना जागेवर थांबवलं. "असं काय करता? चार फोडी तर आहेत."

त्यांनी चमकून वर पाहिलं. मग मान कलली, चाल सापडली. "नको नको, लय झालं बाप्पा!"

"घ्या हो," श्रीकांत म्हणाले, "तिने मुद्दाम तुमच्यासाठी आणलीय." हे वाक्य मी त्यांच्याकडून दुपारपासून घोकून घेतलं होतं.

मी आयुष्यात कधी कुणाला शपथ घातली नव्हती. "तुम्हाला माझी शपथ आहे, भोयरसाहेब. असं अर्धपोटी उठायचं नाही आमच्याकडून."

पंजे ताटावरच होते आणि बोटं नेहमीसारखी फाकलेली होती. मी त्या फटीतून एकेक फोड आत सोडली. भोयरसाहेब कितीतरी वेळ त्या काकडीकडे बघत राहिले. मग डोळ्यांच्या कडा पुसत म्हणाले, "लय आग्रह करता बाप्पा तुम्ही!"

"काकडी तिखट आहे का?" श्रीकांतनी विचारलं. त्यांना सगळं सांगावं लागतं.

त्यानंतर आम्ही त्यांना गाजर घ्यायला लावलं, मुळा घ्यायला लावला, वर पातळ ताक. प्रत्येकाला तीनदा नको, तीनदा घ्या. मीही काकडी खाल्ली, चक्क बसून. पुढे ही युक्ती सोसायटीभर पसरली, फडतऱ्यांचा कागद उतरला आणि होळीला डॉक्टरांनी ऑपरेशनचा विषय बाजूला ठेवला. पण माझ्या लक्षात राहिलाय तो काकडीच्या त्या संध्याकाळचा फोन. भोयरसाहेब हात धुऊन जिन्यात गेले. आमचं दार उघडंच होतं.

"जेवण झालं का?" बाईंनी विचारलं.



"हाव बाई," भोयरसाहेब म्हणाले. "आज जेवण झालं. काय सांगू तुले, उठूच देत नव्हते."