भुंग्यांचं माहेर

त्या सकाळी भुंगेसाहेबांनी बरणी कानाला लावली आणि त्यांना काहीच ऐकू आलं नाही.

एरवी ऐकू यायचं. चवळीच्या दाण्यादाण्यात बसून भुंग्यांच्या अळ्या आतून कुरतडत असल्या, की बरणीतून एक बारीक, झोपाळू कुरकुर येते. साहेब रोज दुपारी त्या कुरकुरीवर तंद्री लावून बसत. प्रयोगशाळेच्या खिडकीतून ऊन यायचं, फळीवरच्या बाटल्यांतून गाळून टेबलावर पडायचं, आणि साहेबांना उघड्या डोळ्यांनी स्वप्न पडायचं. एक भुंगा चवळीच्या दाण्यावर चढतो, चारी बाजूंनी हुंगतो, सुस्कारा टाकतो आणि खाली उतरून निघून जातो. बस, एवढंच. लोक बंगल्याची स्वप्नं बघतात, हे भुंग्याच्या सुस्काऱ्याचं बघत.

या स्वप्नापायी साहेबांचे केस पिकले होते. चवळीचे नाना वाण बाटल्यांत भरायचे, प्रत्येकीत भुंगे सोडायचे आणि महिन्याभराने कशाचं पीठ झालं, काय टिकलं ते बघायचं, हे त्यांचं काम. गल्लीत त्यांचं खरं नाव कुणाला आठवतही नव्हतं. इतक्या वर्षांच्या पिठातून शेवटी काळ्या डोळ्याची एक चवळी हाती लागली होती. तिची अखेरची चाचणी तेवढी बाकी होती. महिन्याने तपासणी समिती यायची होती. तिच्यापुढे भरलेल्या बाटल्या मांडता आल्या नाहीत, तर काळा डोळा कायमचा बाद. भुंग्यांची पिढी वाढायला महिना लागतो. म्हणजे भुंगे आजच्या आज सोडायला हवे होते.

आणि बरणीत भुंगे नव्हते. जुने तळाशी पाय वर करून पडले होते, ते ठीकच. अंडी घालून झाली की ते मरतातच. पण त्या अंड्यांतली नवी पिढी आतापर्यंत बाहेर यायला हवी होती, ती आलीच नव्हती. राखीव बरणीही चिडीचूप.

“मुख्य केंद्रातून मागवा,” शेजारच्या टेबलावरचा सहकारी म्हणाला. “आठवड्यात येतील.”

“तोवर समितीही आठवड्याने जवळ येईल.”

“मग एवढं काय तोंड पाडून बसलात? कुणाच्याही स्वयंपाकघरात मिळतील की मूठभर!”

सहकारी अविवाहित होता. स्वयंपाकघरांविषयी त्याला काहीही माहीत नव्हतं.

साहेब मात्र उत्साहाने घरी आले आणि दारातूनच म्हणाले, “अगं, आपल्या कडधान्यात भुंगे झालेत का गं?”

बायकोने हातातलं फडकं खाली ठेवलं. “मी कुणाची मुलगी आहे, विसरलात का?”

विसरणं शक्यच नव्हतं. सासूबाई मागच्याच गल्लीत राहत. दुसऱ्याच्या घरी गेल्या, की बोलता बोलता फळीवरून बोट फिरवून ते उजेडात धरून बघत. त्यांच्या डब्यांची झाकणंसुद्धा आरशासारखी होती. जावयाबद्दल त्यांचं मत ठरलेलं होतं. “माणूस वाईट नाही,” त्या म्हणत, “पण जागा कधी असतो ते समजत नाही.”

साहेब वरच्या मजल्यावर गेले. तिथे शाळेतून निवृत्त झालेल्या मोठ्या बाई राहत. त्यांची शाळा वर्गात बंद झाली होती, जिन्यात चालू होती.

“बाई, तुमच्याकडे भुंगे असतील का थोडे?”

“माझ्याकडे?” बाईंचा चष्मा नाकावर घसरला. “अहो, माझ्या घरात मुंगी येते ती पाय पुसून येते! कुणी सांगितलं तुम्हाला? समोरचीनं ना?”

दार आपटलं. पुढच्या दारीही तसंच झालं, त्याच्या पुढच्याही. एकाने तर दाराला आतून साखळी लावूनच बोलणं उरकलं. शेवटी साहेब कोपऱ्यावरच्या किराणावाल्याकडे गेले. दुकान भरलेलं होतं. आपल्या तंद्रीत, सगळ्या गिऱ्हाइकांच्या डोक्यांवरून त्यांनी विचारलं, “किडलेली चवळी आहे का हो? खूप किडलेली हवी.”

सगळ्या माना साहेबांकडे वळल्या. किराणावाल्याने त्यांना दंडाला धरून बाजूला ओढलं. “साहेब, पोटावर का पाय देताय? मी तुमचं काय वाईट केलंय?”

“अहो, मला खरंच हवेत भुंगे.”

“हळू बोला ना!” किराणावाला रडकुंडीला आला. त्याने त्यांना एक गोळी चोखायला देऊन रवाना केलं.

तोंडात गोळी असल्याने साहेबांना खुलासा करता आला नाही, पण यानंतर जे झालं त्याचा दोष एकट्या गोळीला देता येणार नाही. गिऱ्हाइकं घरी गेली आणि गल्लीत कानोकानी झालं, की सरकारी माणूस दारोदार फिरून भुंगे तपासतोय आणि ज्याच्याकडे सापडतील त्याचं काही खरं नाही. तासाभरात डबे भराभर उघडले, चाळण्या निघाल्या. जिन्यात पाट्या-परातींची ये-जा सुरू झाली. साहेब हात हलवत घराच्या गच्चीवर पोहोचले, तेव्हा सगळी गल्ली आभाळाखाली वाळत पडली होती.

दृश्य फार सुंदर होतं, हे साहेबांनाही नाकारता येईना. या गच्चीवर हिरवे मूग, त्या गच्चीवर तांबूस मसूर, पलीकडे चवळीची पांढरी चादर. मधून वारा जायचा आणि दाणे हलके हलके खुळखुळायचे. त्या उन्हात एकेक भुंगा पंख उघडत होता आणि कुठल्या कुठे उडून जात होता. भुंग्यांच्या दुष्काळात साहेबांनी स्वतःच्या तोंडाने तेरावा महिना आणला होता. त्यांना रडावंसं वाटलं. पण ऊन उबदार होतं, पाण्याच्या टाकीची सावली लांबरुंद होती आणि साहेब ते साहेबच होते. ते टाकीला टेकले आणि झोपी गेले.

स्वप्नात भुंगे रांगेने एकेका दाराची कडी वाजवत होते आणि घराघरातून आवाज येत होता, “इथे कुणी साहेब राहत नाहीत.”

“जावईबापू.”

साहेब दचकून उठले. समोर सासूबाई उभ्या होत्या. त्यांच्या हातात जुन्या टॉवेलात करकचून गुंडाळलेलं काहीतरी होतं. त्यांनी आधी मागे पाहिलं, मग डावीउजवीकडे आणि टाकीच्या आडोशाला बसून घेतलं. सासूबाईंना फरशीवर बसलेलं साहेबांनी प्रथमच पाहिलं.

“लेकीनं सांगितलं मला. चाचणी झाली नाही तर सगळी वर्षं वाया म्हणे?”

“हो.”

सासूबाईंनी टॉवेल सोडला. आत आरशासारखं झाकण असलेला डबा होता. झाकण जरासं वर झालं आणि साहेबांच्या अंगावर काटा आला. डब्यात चवळी अशी उरलीच नव्हती. होतं ते पीठ आणि भुंगे. टपोरे, चपळ, एकमेकांच्या अंगावरून धावणारे शेकडो भुंगे.

“माळ्यावर राहून गेला होता,” सासूबाई डब्याकडे न बघता म्हणाल्या. “आज सगळ्यांनी वाळवण घातलं, पण हा उन्हात ओतायचा कसा? सगळ्यांच्या देखत चालायला लागले असते मेले.”

“सासूबाई...” साहेबांनी डबा दोन्ही हातांनी घेतला.

“घरोघरी मातीच्या चुली. पण माझं नाव कुठे निघालं, तर बघा हं!”

“नाही निघणार.”

“आणि जागे राहा जरा,” असं म्हणून त्या जिना उतरून गेल्या. जाता जाता त्यांनी कठड्यावरून बोट फिरवलंच.

साहेब डबा छातीशी धरून प्रयोगशाळेत पळाले. नव्या भुंग्यांसाठी बरणी रिकामी करावी म्हणून त्यांनी जुनी चवळी ताटात ओतली आणि ते बघतच राहिले. प्रत्येक दाण्यावर अंड्यांचे पांढरे ठिपके होते, पण छिद्र एकालाही नव्हतं. त्यांनी एक दाणा चिरला. आत उंबऱ्यातच एक इवलीशी अळी मरून पडली होती. मग त्यांनी दाणा उलटा केला. काळा डोळा! बरणीत भरायची ती तपकिरी डोळ्याची साधी चवळी, आणि महिन्यापूर्वीच्या कुठल्याशा दुपारी साहेबांनी तंद्रीत दोन्ही बरण्यांत आपली लाडकी भरली होती. भुंग्यांचा वंश तिनेच बुडवला होता, आणि गेला महिनाभर दुपारी ऐकलेली कुरकुर साहेबांच्या स्वप्नातलीच होती.

साहेब खुर्चीत बसले. इतकं हलकं त्यांना वर्षानुवर्षांत वाटलं नव्हतं. ज्या भुंग्यांसाठी दिवसभर दारं आपटून घेतली, ते नसण्यातच सगळं उत्तर होतं. अर्थात, समितीला तंद्रीचा पुरावा चालत नाही. त्यांनी उठून नव्या बाटल्या भरल्या, एकीत काळा डोळा, एकीत तपकिरी, प्रत्येक डोळा दोनदा तपासून. दोन्हींत सासूबाईंचे भुंगे सोडले.

महिन्याने समिती आली. तपकिरी डोळ्याच्या बाटलीत पिठाशिवाय काही नव्हतं आणि काळ्या डोळ्याला ओरखडाही नव्हता. समितीचे प्रमुख बाटल्या उजेडात धरून कितीतरी वेळ उभे होते.

“वाण मंजूर,” ते म्हणाले. “पण हे भुंगे! आमचे केंद्रातले भुंगे यांच्यापुढे आजारी वाटतात. यापुढे सगळ्या चाचण्या यांच्यावरच करू. कुठले हे?”

साहेबांच्या डोळ्यांपुढे तेव्हा एक भुंगा सुस्कारा टाकून दाण्यावरून उतरत होता. त्यांच्या तोंडून निघून गेलं, “माझ्या बायकोच्या माहेरचे.”

सहकारी तिथेच होता. संध्याकाळपर्यंत गल्लीला सगळं कळलं होतं आणि सासूबाई साहेबांच्या दारात उभ्या होत्या.

“नाव घेतलंत?”

“सुटलं तोंडातून.” साहेबांची पाचावर धारण बसली होती. “पण त्यांनी फार कौतुक केलं हो.”

“तुमच्या चवळीचं?”

“तुमच्या भुंग्यांचं. म्हणाले, असे भुंगे त्यांच्या केंद्रातही नाहीत. आता सगळ्या वाणांची परीक्षा तेच घेणार.”

सासूबाई आत आल्या. त्यांनी सवयीने फळीवरून बोट फिरवलं, पण ते उजेडात धरायला विसरल्या.

“असणारच,” त्या शेवटी म्हणाल्या. “माझ्या घरात आजवर कुणी उपाशी राहिलेलं नाही.” मग त्या खिडकीशी गेल्या आणि हेच वाक्य वरच्या मजल्याला ऐकू जाईल अशा आवाजात पुन्हा म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी साहेब प्रयोगशाळेत पोहोचले, तर दाराशी रांग लागली होती. सर्वांत पुढे मोठ्या बाई, त्यांच्यामागे साखळीवाले, शेवटी किराणावाला खांद्यावर अर्धं पोतं घेऊन. प्रत्येकाकडे डबा होता आणि एकाही डब्यावर टॉवेल नव्हता.

“हे आमचे बघा,” बाई झाकण काढत म्हणाल्या. “त्यांच्यापेक्षा अंगानं भरलेले आहेत. यांनाही पाठवा केंद्रात.”

“पण बाई, तुमच्या घरात तर मुंगी येते तीसुद्धा पाय पुसून...”

“मुंगीचं सोडा हो, ती बाहेरची. हे घरचे आहेत.” बाईंनी डबा त्यांच्या हातात कोंबला. “आणि चिठ्ठी लावाल त्यावर आमचं नाव जरा ठळक लिहा.”