गुडघ्याएवढी खिडकी

गोटीची खुर्ची डुगडुगायची थांबली आहे, हे तिच्या आईच्या लक्षात यायला पाच दिवस लागले.

गोटी दीड वर्षाची. तिच्या जेवायच्या उंच खुर्चीचा एक पाय आखूड होता, त्यामुळे घासागणिक ती टक् टक् वाजायची. गोटीला तो ताल फार आवडायचा, आईला अजिबात नाही. गोटीचा बाबा घड्याळं दुरुस्त करायचा. लोकांच्या घड्याळातला मोहरीएवढा स्क्रू तो बोलता बोलता बसवायचा, पण घरातल्या खुर्चीचा पाय गेले सहा महिने "या रविवारी नक्की" बघायचा राहिला होता.

"अरे, खुर्ची नीट केलीस?" बुधवारी सकाळी गोटीच्या तोंडात केळं सरकवताना तिने विचारलं.

नवऱ्याने वर्तमानपत्रातून डोकं वर काढलं. आधी खुर्चीकडे बघितलं, मग बायकोकडे. लग्नानंतर इतकं कौतुक त्याने त्या चेहऱ्यावर मोजून दोनदा पाहिलं असेल.

"हं," तो म्हणाला. "छोटंसं काम होतं."

"आणि सांगितलंही नाहीस!"

"त्यात काय सांगायचं," असं म्हणून तो पुन्हा वर्तमानपत्रात शिरला, जरा घाईनेच.

ती खुशीत आवरायला गेली. आंघोळ नेहमीप्रमाणे साडेतीन मिनिटांत, दार किलकिलं ठेवून आणि मोठ्याने गात. गाणं थांबलं की आई नाहीशी झाली असा गोटीचा ठाम समज होता. मग आज ऑफिसात न्यायचा लिफाफा घ्यावा म्हणून तिने कपाट उघडलं, आणि गाणं खरोखरच थांबलं. लिफाफा नव्हता.

ती उद्यान विभागात कारकून होती. हातातला कुठलाही कागद ती टाचून ठेवायची, म्हणून ऑफिसात सगळे तिला टाचणी म्हणत. आजवर तिच्या हातून चिटोरंसुद्धा हरवलं नव्हतं, आणि हा तर लाख लावून बंद केलेला लिफाफा होता.

त्याची हकिगत अशी. ऑफिसशेजारच्या सार्वजनिक बागेत झाडं भरपूर, तळं सुंदर, पण स्वच्छतागृह नाही. त्यामुळे लहान मुलं घेऊन येणारे अर्ध्या तासात माघारी पळत. आता तिथे स्वच्छतागृह, बसायला एक पडवी आणि माळ्यांच्या अवजारांची खोली असं बांधायचं ठरलं होतं. त्यासाठी आर्किटेक्ट आणि इंजिनिअर नेमायचे होते. मागच्या वेळी बागेच्या फाटकाचं काम नेमकं साहेबांच्या साडूला मिळालं होतं. फाटक भव्य झालं, पण ते आतल्या बाजूला उघडायचं आणि निम्म्यातच बाकाला अडायचं. तेव्हापासून लोक बागेत तिरके होऊन शिरत आणि शिरताना साहेबांचा उद्धार करत.

म्हणून टाचणीने सुचवलं, की या वेळी नावंच झाकू. सात अर्ज आले. प्रत्येकाचं नाव-पत्त्याचं पान तिने काढून घेतलं, पानावर आणि नकाशावर एकच आकडा टाकला, आणि सातही पानं लिफाफ्यात घालून लाख लावली. निवड समितीने फक्त नकाशे बघायचे. साहेबांना ही कल्पना इतकी पटली, की त्यांनी ती वरच्या ऑफिसात स्वतःची म्हणून सांगितली. टाचणीला म्हणाले, "हे नीट पार पडू दे. महिनाअखेर तुमचा करार संपतोय ना? नोकरी कायम करून टाकू."

लिफाफा साहेबांच्या कपाटात ठेवता येईना, कारण साहेबच समितीत. बाकी ऑफिसात कुठलीही किल्ली कुठल्याही खणाला लागायची. तेव्हा ती म्हणाली होती, "मी घरी नेते. अशा जागी ठेवते की कोणाला म्हणून सापडणार नाही." त्या 'कोणाला'मध्ये आपणही येतो, हे तिला आज कळलं.

समितीने एकमताने चार नंबरचा नकाशा निवडला होता. लिफाफा उघडायचा होता परवा, शुक्रवारी अकराला.

घर उलटंपालटं झालं. तांदळाचा डबा, आरशामागची फट, स्वेटरांची पेटी, सगळं धुंडाळलं. दोन वर्षांपूर्वी हरवलेलं कानातलं सापडलं आणि गोटीचे चार मोजे सापडले, चारही डाव्या पायाचे.

"शेवटचा कधी हातात होता?" नवऱ्याने विचारलं.

"गेल्या शुक्रवारी. लिफाफा घेऊन घरात आले, गोटी भुकेने रडत होती, तिला उचललं..." ती थांबली. त्यापुढे कोरं पान होतं. गोटी झाल्यापासून तिच्या दिवसांत अशी कोरी पानं बरीच होती.

बागेत माळीकाका गुलाबाच्या मुळाशी खुरपं घेऊन बसले होते. तेही समितीत होते. टाचणीने इकडेतिकडे बघत त्यांच्या कानात सगळं सांगितलं.

"मग फोन करून विचार ना सातही जणांना, निवडलेला नकाशा कुणाचा," काका म्हणाले.

"विचारलं तर सातही जण माझाच म्हणतील, काका!"

"त्यांच्याकडं नकल असेल, ती मागव."

"नक्कल मागितली की कळलंच, नावं हरवली. एकाने तक्रार केली तरी सगळं रद्द. पुन्हा जाहिरात, पुन्हा अर्ज. वर्ष जाईल. बागही तशीच आणि मी घरी."

काकांनी खुरपं पुसलं. "पोरी, त्या नकाशात एक गंमत होती बघ. आपल्या कुणालाच कळली नव्हती."

टाचणीला आठवलं. चार नंबर निवडला तो त्यात एकही झाड तोडायचं नव्हतं म्हणून, आणि अवजारांच्या खोलीचं दार हातगाडीएवढं रुंद होतं म्हणून. पण स्वच्छतागृहाच्या भिंतीला, जमिनीपासून जेमतेम गुडघ्याएवढ्या उंचीवर, एक लांबट खिडकी होती. तिरक्या पट्ट्यांची. बाहेर तिच्यासमोर एक बुटकं बाकडं. वाऱ्यासाठी असेल, असं म्हणून समितीने पान उलटलं होतं.

"ती कशाला ठेवली ते ज्याला सांगता येईल, नकाशा त्याचा," काका म्हणाले.

टाचणी तडक साहेबांकडे गेली. "साहेब, लिफाफा उघडण्याआधी सातही जणांशी जागेवर बोलून घेऊ या? मग नंतर कोणी म्हणायला नको, आम्हाला विचारलंच नाही."

"उत्तम! हे मीच सुचवणार होतो," साहेब म्हणाले.

गुरुवारी सकाळी दहाला सातही जण तिरके होऊन बागेत शिरले. साहेब, माळीकाका आणि समितीतल्या तिसऱ्या, शाळेतून निवृत्त झालेल्या हेडमास्तरीणबाई, तळ्याकाठी खुर्च्या टाकून बसले. टाचणी प्रत्येकाला पुढे बोलवून एकच प्रश्न विचारत होती. "एका नकाशात गुडघ्याएवढ्या उंचीवर खिडकी आहे. तुमचं काय मत?"

पहिल्याने डोळे मिटून घेतले. "वास्तूचा जमिनीशी संवाद," तो म्हणाला, आणि बराच वेळ डोळे उघडेना.

"उंदीर येतील," दुसरा म्हणाला. तो इंजिनिअर होता.

तिसऱ्याने ती हवेसाठी आहे असं सांगितलं. बाईंनी विचारलं, "हवा वरून येत नाही का?" तेव्हा त्याने वहीत काहीतरी लिहून घेतलं. चौथ्याने समितीचे चेहरे वाचले, हे काहीतरी महत्त्वाचं आहे असं ताडलं आणि छाती पुढे काढली. "ती माझीच खिडकी!"

"अरे वा! कशासाठी ठेवलीत?" टाचणीचा जीव भांड्यात पडला.

"म्हणजे... असावी म्हणून."

जीव भांड्यातून परत बाहेर आला. पाचवा आणि सहावाही तसेच गेले. उरला सातवा. शहरातला सगळ्यात मोठा आर्किटेक्ट. बूट असे चकाकत होते, की त्यांत माळीकाकांचा गुलाब दिसत होता. मागे नकाशांची नळकांडी सांभाळत त्याच्या ऑफिसातली एक तरुण मुलगी उभी होती. तिच्या पर्समधला फोन सारखा घुरघुरत होता.

"चूक आहे ती," बूटवाले एका वाक्यात मोकळे झाले. "गुडघ्याला कुठे खिडकी असते? माझ्या ऑफिसात असं कोणी काढलं तर मी त्याला त्याच दिवशी घरी पाठवीन."

मागून एक नळकांडं खाली पडलं.

"सर," ती मुलगी म्हणाली, "ती चूक नाहीये."

"तुला कुणी विचारलं?"

"मी विचारते," हेडमास्तरीणबाई म्हणाल्या. चाळीस वर्षं वर्ग गप्प केलेला तो आवाज होता. "बोल बाळ."

मुलीने पडलेलं नळकांडं उचललं. "लहान मूल घेऊन बागेत आलं आणि आपल्यालाच जावं लागलं, तर काय करायचं? आत न्यायला जागा नसते. बाहेर ठेवलं की आतून सारखं ओरडायचं, आहेस का रे, आहेस का रे. एकदा माझा मुलगा उत्तर देऊन देऊन कंटाळला आणि गप्प बसला. मी कशी बाहेर आले ते माझं मला माहीत. तो तिथेच होता, मुंग्या बघत." ती जराशी हसली. "त्या पट्ट्यांमधून बाहेरून आतलं काही दिसत नाही. आतून फक्त बाकड्याखालचं दिसतं. मुलाचे लोंबणारे पाय. बाकी काही नको हो, दोन पाय दिसले की पुरे."

टाचणीला एकदम आपली साडेतीन मिनिटांची आंघोळ आठवली आणि तिने उगाचच हातातले कागद सारखे केले. एवढा साधा प्रश्न, आणि सातही जाणत्या माणसांना तो पडलाच नव्हता!

"हे तुला कसं माहीत?" बूटवाल्यांनी विचारलं.

"मीच काढलंय, सर. आपल्याच अर्जात. तुम्ही सही केलीत."

"मी? कधी?"

"लिफ्टमध्ये."

"थांबा, थांबा!" साहेबांनी दोन्ही कानांवर हात ठेवले. "आम्हाला नावं कळता कामा नयेत! लिफाफा अजून उघडायचाय!"

"आम्ही काही ऐकलेलं नाही," बाई शांतपणे म्हणाल्या. "उद्या अकराला लिफाफा उघडेल, तेव्हा आम्हाला रीतसर आश्चर्य वाटेल."

म्हणजे लिफाफा हवाच होता. आता तर टाचणीच्या नोकरीबरोबर त्या मुलीचीही टांगणीला लागली होती.

संध्याकाळी घरी गोटी खुर्चीत बसली होती आणि टाचणी तिला भरवत होती. "उद्या साहेबांना खरं सांगून टाकते," ती नवऱ्याला म्हणाली. तेवढ्यात गोटीने चमचा खाली टाकला आणि आई काय करते ते बघत बसली. हा तिचा आवडता खेळ.

टाचणी चमच्यासाठी वाकली. वाकली ती वाकलेलीच राहिली.

खुर्चीच्या आखूड पायाखाली, बरोबर मापाची, घडी घातलेली जाडजूड खाकी चौकोनी वस्तू होती. बाजूने लाल लाख डोकावत होती.

"अरे," ती खालूनच म्हणाली, "खुर्ची तू कशाने नीट केलीस?"

नवऱ्याचा हात चहाच्या कपावर थांबला. "का? पुन्हा हलते?"

"पायाखाली काय घातलंस, ते सांग."

"ते... लाकूडच. म्हणजे बहुतेक."

आणि तिला ते कोरं पान अचानक लख्ख दिसलं. कडेवर रडणारी गोटी, टक् टक् वाजणारी खुर्ची, एका हातात भाताची वाटी, दुसऱ्या हातात लिफाफा. तिने तो दुमडून पायाखाली सारला होता, स्वतःच्याच हाताने. आणि पाच दिवसांनी नवऱ्याचं कौतुक केलं होतं!

"छोटंसं काम होतं, नाही का?" ती म्हणाली.

"तू इतकी खूश दिसत होतीस," नवरा कपाकडे बघत पुटपुटला, "खरं सांगवेना गं."

तिला रागवायचं होतं, पण आधी हसू आलं. मग गोटीही हसली, कारण आई अजून टेबलाखालीच होती.

शुक्रवारी अकराला लिफाफा उघडला. चार नंबरच्या पानावर बूटवाल्यांचं नाव निघालं आणि समितीला रीतसर आश्चर्य वाटलं. टाचणीने अर्जातल्या एका ओळीवर बोट ठेवलं. नकाशा ज्याने काढला, कामावर तोच राहील, असं तिथे छापलेलंच होतं.

"हे मीच दाखवणार होतो," म्हणत साहेबांनी फोन लावला. पलीकडून बूटवाल्यांचा आवाज सगळ्या खोलीला ऐकू आला. "अर्थात तीच राहील! अहो, ती खिडकी म्हणजे आमच्या ऑफिसची खासियत!"

मग साहेबांनी टाचणीच्या कायम नोकरीचा कागद पुढे ओढून पेन उचललं. "आधी वाचा, साहेब," ती म्हणाली. त्यांनी मुकाट्याने वाचला आणि सही केली. सही करता करता त्यांचं लक्ष लिफाफ्याकडे गेलं.

"याच्या मधोमध हा गोल खड्डा कसला?"

"भार पेलतो की नाही ते तपासलं, साहेब," टाचणी म्हणाली. "सहा दिवस पेलला."

माळीकाकांना जोराचा खोकला आला.

त्या रविवारी गोटीची खुर्ची पुन्हा टक् टक् वाजत होती. नवरा खरोखरचं लाकूड, करवत आणि डोळ्याला लावायचं भिंग घेऊन टेबलाखाली शिरला होता. एक तास झाला तरी बाहेर येईना. टाचणी दार घट्ट लावून, न गाता, निवांत आंघोळ करून आली. गोटी जमिनीवर मांडी घालून बसली होती, रडत नव्हती, हाकही मारत नव्हती. टेबलाखालून बाहेर आलेल्या बाबाच्या दोन पायांवर नजर ठेवून ती समाधानाने केळं खात होती.