मंदाअक्का गार्ड निवडतात

आमच्या शेजारच्या मंदाअक्कांनी नवी कोरी इलेक्ट्रिक मोटरसायकल दारात आणली, तिला हळदकुंकू वाहिलं, नारळ फोडला आणि लगेच ती मुद्दाम आडवी पाडली. खाली कांद्याची बारदानं अंथरली होती म्हणून बरं. अख्खी आळी ओरडली. अक्का मात्र मातीत गुडघे टेकून, गाडीचा कोणता भाग आधी जमिनीला लागतो ते निरखत होत्या.

"आधी हँडल, मग फूटरेस्ट, मग हे बॅटरीचं पोट. भाऊ, आता कळलं गार्ड कुठं पायजे ते. आधी पाडून बघावं, राव!"

पाडून बघणं हा अक्कांचा स्वभावच. छत्री घेतली तर दुकानातच नळाखाली उघडायच्या. भाचीला सांगून आलेल्या मुलाला त्यांनी चहापोह्यांच्या आधी लेण्याद्रीच्या पायऱ्या चढायला लावल्या होत्या. "दम लागल्यावर मानूस कसं बोलतं ते बघायचं असतं!" तो वर पोचेपर्यंत हसत होता, म्हणून लग्न ठरलं.

अक्कांची सगळी नोकरी घाटघरकडच्या डोंगरातल्या शाळांत गेली. वर्गात शुद्ध बोलून तोंड आंबलं म्हणे, म्हणून निवृत्त झाल्या त्या दिवसापासून त्या अस्सल ओतूरचं बोलू लागल्या. यजमान जाऊन बरीच वर्षं झालेली, मूलबाळ नाही. या वयात मोटरसायकल कशाला, असं विचारलं की म्हणायच्या, "डोंगराच्या रस्त्याला मोठी चाकं लागत्यात." आणि इलेक्ट्रिकच का? "वास नको." यापुढे त्या काही सांगत नसत.

गाडी पडली तर पाय वाचवणारं लोखंडी गार्ड घ्यायला अक्का आणि मी जुन्नरला गेलो. दुकानदार हसला. "अक्का, हिला इंजिनच नाही. गार्ड काय करायचंय?"

"तिला इंजिन नसंल, मला पाय हायत ना?"

त्याने चकचकीत गार्ड काढलं. ते बसेना. "बॅटरीच्या पेटीला इथं दोन भोकं पाडतो, फिट्ट बसेल," तो म्हणाला.

"पोटाला भोक पाडून कंबरपट्टा बांधतं का कुणी? ठेव तो ड्रिल खाली!"

मग त्याने गाडीच्या दोन्ही बाजूंना लावायचे नायलॉनचे गोळे दाखवले. त्यांनी गाडी वाचेल पण पाय नाही, म्हणून ते नापास. मग बैलगाडीच्या साट्याएवढं एक जंगी गार्ड आलं. त्याचं वजन वाहण्यातच निम्मं चार्जिंग संपेल, म्हणून तेही नापास. शेवटी मूळच्याच बोल्टांवर बसणारं एक हलकं गार्ड मिळालं आणि दुकानदाराने देवाचे आभार मानले.

दुसऱ्या दिवशी अंगणात परीक्षा. अक्कांनी एका लांबलचक दुधी भोपळ्याला आपली चप्पल बांधली आणि तो फूटरेस्टवर ठेवला. "हा माझा पाय. सोडा गाडी!"

आम्ही गाडी सोडली. गार्ड वाकलं, दुधीचा चेंदामेंदा झाला. "गेला पाय!" अक्का ओरडल्या. त्या दिवशी आळीत सगळ्यांनी त्यांच्या पायाची भाजी खाल्ली.

मग त्या आमच्या ओतूरच्या वेल्डरकडे गेल्या. त्याच्या डोक्यावर उभं राहून जाड नळीचं गार्ड करून घेतलं, तेही मूळच्याच बोल्टांवर. गाडी पडलीच तर घसरत जावी, रुतू नये, म्हणून टोकांना नायलॉन लावला. मागे बसणाऱ्याच्या पायापुढेही एक दांडी लावली. "मागं कोण बसनार?" वेल्डरने विचारलं. अक्कांनी ऐकलंच नाही.

नवा दुधी आला, गाडी धाडकन पडली आणि दुधी जसाच्या तसा! टाळ्या, शिट्ट्या. अक्कांनी तो दुधी उंच धरून आळीतून मिरवला.

"आता खरा रस्ता," त्या म्हणाल्या. "दुधीच्या जागी तुमी बसा, भाऊ."

घाटघरच्या अलीकडे एका वळणावर बारीक खडी होती. चाक सरकलं आणि आम्ही दोघं आडवे. गाडी गार्डावर घसरत जाऊन थांबली. मी डोळे उघडले तर पाय शाबूत. अक्का उठून दोन्ही हात वर करून नाचत होत्या. "जिंकलो! भाऊ, जिंकलो!"

गाडी उचलली, ती मुकाट्याने सुरू झाली. घाटघरात एका घरापुढे अक्कांनी ती लावली. ओट्यावर एक म्हातारी बसली होती. डोळ्यांत मोतीबिंदू पिकलेला. या हौसाबाई. तरुणपणी अक्का नोकरीला आल्या तेव्हा यांच्याच घरी राहिल्या, यांच्याच ताटात नाचणीची भाकरी खाल्ली. ऑपरेशनला जुन्नरला न्यायचं, तर जीपमध्ये इंधनाच्या वासाने यांना भडाभडा उलटी व्हायची. दुचाकीवरून एकदा पडून पाय मोडलेला, तेव्हापासून दुचाकीचं नाव काढू द्यायच्या नाहीत.

"पडलो आमी येताना," अक्का मोठ्या ऐटीत म्हणाल्या. "ये, हात लावून बघ."

हौसाबाईंनी गार्डावरचे ओरखडे चाचपले. मग माझी नडगी चाचपली. वर, खाली, पुन्हा वर.

"मोडली न्हाई?"

"न्हाई, आजी," मी म्हणालो.

त्यांनी गाडीचा वास घेतला. बराच वेळ. मग पदर खोचला. "चल."

त्या दोघी पुढे निघाल्या, मी मागाहून जीपने आलो. जुन्नरच्या बाजारपेठेतून अक्का उगाचच हॉर्न वाजवत गेल्या म्हणे, आणि मागे हौसाबाई राणीसारख्या बसल्या होत्या.

पट्टी काढली त्या सकाळी मीही दवाखान्यात होतो. हौसाबाईंनी डोळे मिचकावले, समोर पाहिलं, हात पुढे करून अक्कांचे पांढरे केस कानामागे सारले.

"मंदे, लई म्हातारी झालीस गं तू."

अक्का हसल्या आणि हसताहसताच त्यांचे डोळे भरून आले. इतकी वर्षं शेजारी राहतो मी. त्यांना कुणी 'मंदे' म्हणताना त्या दिवशी पहिल्यांदा ऐकलं.