भास्कररावांना पटणारा विषय

कोणी भाषणाचा विषय घेऊन आलं, की आमचे शेजारी भास्करराव डोळे मिटतात आणि एकच प्रश्न विचारतात, "हे आयकून कोन उठन?"

टाळ्या वाजवायला उठणं त्यात धरायचं नाही. भास्कररावांनी एकतीस वर्षं लोणारच्या बसस्थानकावर गाड्या पुकारल्या. ते बोलले की लोक पिशव्या उचलून चालू लागत. भाषणाकडूनही त्यांची तेवढीच अपेक्षा असते. वक्तृत्व स्पर्धा जवळ आल्या की गावातली मुलं त्यांच्या ओट्यावर येतात. यंदा मी मोजलं. एका आठवड्यात सतरा विषय आले, पंधरा परत गेले.

'झाडे लावा'वर ते म्हणाले, "याले नाही कोन म्हनते? मंग घसा काऊन कोरडा करतं?" मोबाइल शाप की वरदान, हा विषय चौघांनी आणला. चौथ्याला त्यांनी पाणी पाजून परत पाठवलं.

माझी मुलगी आरती नववीत आहे. तिचा विषय होता स्त्रीशक्ती.

"लय मोठा हाय. दारातून आत येत नाही. लहान कर."

तिने तीनदा लहान केला. शेवटी निघालं ते असं, की शाळेत मुलींच्या स्वच्छतागृहाला आतून कडी नाही.

"हां. आता सांग, उठायचं कोनाले?"

"मुख्याध्यापकांना."

"मंग त्याइच्याकडंच पाहून बोल. बाकीचे आयकतीन."

आरतीचा नंबर आला नाही. कडी मात्र चौथ्या दिवशी बसली. भास्कररावांच्या हिशेबी हा पहिला नंबर.

या माणसाला पटवणं दोन वर्षांत त्यांच्या बायकोला, आमच्या वहिनींना मात्र जमलं नव्हतं. नातीला सांभाळायला त्या मुलाकडे पुण्याला आहेत. यांनीही तिकडे राहायला यावं म्हणून त्या दर रविवारी दहाला फोन करतात. भास्कररावांना कमी ऐकू येतं, म्हणून फोन स्पीकरवर असतो आणि आमच्या अंगणातही तो स्वच्छ ऐकू येतो.

"दवाखाना घराजवळच हाय," वहिनी म्हणतात.

"मी बिमार नाही. विषय कमजोर."

"बिल्डिंगले लिफ्ट हाय."

"आपल्या घराले जिनाच नाही."

"नात आठवन काढते."

"तिले फोनवर दिसतो मी."

असे एकोणीस विषय मी ऐकले. एखादा मोजायचा राहिला असेल. भास्कररावांना नुसतं समोरच्याला हरवण्यात मजा वाटते, अशी माझी समजूत झाली होती.

गेल्या रविवारी मी त्यांचा पेपर परत द्यायला गेलो, तेव्हा फोन आला. वहिनींनी विषय मांडलाच नाही. म्हणाल्या, "मले इथं करमत नाही."

भास्करराव फोनवर वाकले.

"काऊन? कोनी काही बोललं का?"

"बोलाले असते कोन? सकाळी दोघं कामाले जातात, पोरगी शाळेत. दिवसभर भिताडं पाहून राह्यली मी."

"दोन वर्सात सांगतलं नाही तू."

"तुमी विषय तपासता ना," वहिनी म्हणाल्या. "मले वाटलं, हा काही विषय नाही."

त्यांनी फोन ठेवला. मग चष्मा पुसत त्यांनी मला विचारलं, "भाऊ, पुन्याले उतरल्यावर मानूस पुढं जाते कसा?"

मी म्हणालो, "पुण्याची गाडी तर तुम्ही रोज पुकारायचात."

"पुकारली लय," ते म्हणाले. "बसलो एकडाव नाही. एवढ्या मोठ्या गावात चुकलो असतो, अन् तिले शोधाले यावं लागलं असतं. म्हनून दरवेळी काहीतरी सांगून टाळत होतो."

मी कागद मागितला आणि पायरीपायरीने लिहून दिलं. कुठे उतरायचं, कोणत्या बाजूने बाहेर पडायचं, रिक्षावाल्याला काय सांगायचं. त्यांनी अक्षर मोठं काढायला सांगितलं, दोनदा मोठ्याने वाचलं.

"मुलाला कळवू का? घ्यायला येईल," मी म्हणालो.

"नका कळवू. तो तिले सांगन," भास्करराव म्हणाले. "मंग मी पोचेपर्यंत जेवनार नाही ती."