लग्नाला सदुसष्ट टोले

आर्मांची चूक काढणारा माणूस अख्ख्या जुरा डोंगरात अजून जन्माला यायचा होता! निदान आर्मांचं तरी तसं मत होतं, आणि ते तो कुणी न विचारताच सांगायचा.

घड्याळांच्या कारखान्यात तो एकेचाळीस वर्षं तपासनीस. नवं घड्याळ आठवडाभर त्याच्या मनगटावर मुक्काम करी, आणि सोमवारी त्याचा अहवाल जाई. या खेपेला पाहुणा मोठा होता. सोन्याचं, दोन देशांच्या वेळा दाखवणारं घड्याळ! मोठ्या काट्यांवर आपली वेळ, खालच्या छोट्या तबकडीवर दूर पूर्वेकडच्या ओसाका शहराची, कारण गिऱ्हाईक तिथलं. बाजूचं बटण दाबलं की मोठा तासकाटा टुणकन एक तास पुढे. ओसाकाची तबकडी जागची हलत नाही.

त्याच शनिवारी अकराला त्याच्या लेकीचं, नोएमीचं लग्न होतं.

"अहो, आज तरी ते काढून ठेवा," बायको यव्हेत म्हणाली.

"वेडी का काय! लग्नासारखी परीक्षा नाही. आणि तुझा जावई बघू दे, खरी वेळ कशी असते ते!"

जावई बेआत म्हणजे लुत्सर्नकडचा स्टेशनमास्तर. आर्मांच्या मनात ते सलत होतं. रेल्वेवाले मिनिटं मोजतात, आपण सेकंद, असं तो चारचौघांत म्हणायचा. त्यात बेआतच्या मनगटावर चक्क प्लॅस्टिकचं घड्याळ!

सकाळी चर्चच्या अंगणात आर्मांने उत्साहाच्या भरात वाइनची खोकी स्वतः उचलली. खोकं अवजड, मनगट मागे वाकलं. शेवटचं खोकं ठेवून घाम पुसत त्याने घड्याळ पाहिलं आणि ओरडलाच, "अकराला पाच कमी! अजून नवरदेव कुठंय?"

चर्चच्या दारात जमलेल्या पन्नास माणसांनी आपापली घड्याळं पाहिली. सगळ्यांत दहाला पाच कमी! पण हे घड्याळजींचं गाव. आर्मां चुकेल, यापेक्षा आपण चुकलो हे मानणं प्रत्येकाला सोपं गेलं. पन्नास माणसं पाठमोरी झाली आणि कुणाला दिसू नये अशा बेताने काटे तासभर पुढे सरकवू लागली. चर्चची देखभाल करणारा ओगुस्त तर लाजेने लाल होत मनोऱ्यात धावला. पाच मिनिटांत वर अकराचे टोले पडले.

"बघा! चर्चसुद्धा माझ्याच बाजूचं!" आर्मां म्हणाला.

सगळे आत जाऊन बसले. सव्वाअकरा झाले. अकरा वीस झाले. नोएमीच्या डोळ्यांत पाणी तरळलं.

"पळाला वाटतं," एक मावशी कुजबुजली. कुजबूज कसली, शेवटच्या बाकापर्यंत ऐकू गेली!

"साडेअकरापर्यंत थांबतो," आर्मां गरजला, "मग हे लग्न मोडलं!"

"बाबा!" नोएमीला हुंदका फुटला.

मनोऱ्यावरचा काटा साडेअकरावर आला आणि नेमका तेव्हाच बेआत हसतमुखाने दारात उभा राहिला. मागे वीस पाहुणे, हातात फुलं.

"लवकरच आलो जरा. चालेल ना?"

"लवकर? अर्धा तास उशीर, आणि वर तोंड करून लवकर म्हणतोस!"

"सासरेबुवा, आम्ही दहा सव्वीसच्या गाडीने उतरलो. गाडी वेळेवर होती."

एकतर गाडी तासभर चुकलेली, नाहीतर आर्मां! घड्याळांच्या आणि वेळेवर धावणाऱ्या गाड्यांच्या या देशात दोन्ही गोष्टी अशक्य. पाद्रीबाबांनी देवाकडे पाहिलं.

"गाडी चुकत नसते," बेआतचे वडील ताडकन म्हणाले.

"आर्मांही चुकत नसतो!" पन्नास जण एका सुरात म्हणाले.

यव्हेतने पुढे होऊन नवऱ्याचं मनगट धरलं. "ओसाकाला किती वाजलेत?"

"हे काय मध्येच? संध्याकाळचे साडेपाच."

"आणि फरक किती? आठवडाभर माझं डोकं खाताय!"

"सात ता…" आर्मां थांबला. साडेपाचातून सात तास मागे. बोटांवर मोजले. दुसऱ्या हाताच्या बोटांवर पुन्हा मोजले. मग त्याला ती वाइनची खोकी, मागे वाकलेलं मनगट आणि ते बाजूचं बटण आठवलं.

"साडेदहा," तो इतक्या बारीक आवाजात म्हणाला की मावशीलाही ऐकू गेलं नाही. मग लेकीकडे पाहून मोठ्याने म्हणाला, "नोएमी, माझंच चुकलं गं!"

नोएमी रडता रडता इतकी हसली की डोक्यावरची जाळी खाली पडली. पन्नास माणसं पुन्हा पाठमोरी झाली.

पण मनोऱ्यातलं म्हातारं यंत्र मागे फिरत नाही. तासभर बंद ठेवावं, तर नोएमीची आजी काठी आपटून म्हणाली, "लग्नाच्या दिवशी घड्याळ थांबवाल तर खबरदार!" मग ओगुस्तने काटे अकरा तास पुढे फिरवले. बाराचे बारा, एकाचा एक, दोनाचे दोन, असे थेट दहापर्यंत. एकूण सदुसष्ट टोले! लुत्सर्नच्या पाहुण्यांना वाटलं, इकडची रीतच असेल. त्यांनी प्रत्येक टोल्याला टाळ्या वाजवल्या, आणि मग गावकऱ्यांनीही.

टोले संपले तेव्हा पाद्रीबाबांनी सवयीने विचारलं, "आर्मां, अकराला किती कमी?"

आर्मांने हात पाठीमागे नेले. "जावईबापूंना विचारा."

सोमवारी अहवाल गेला. घड्याळ सुंदर. ओसाकाची वेळ अचूक. बटण फार हळवं, वाइनच्या खोक्यापासून जपावं. शेवटचा रकाना होता: वेळ कशाशी ताडून पाहिली?

आर्मांने बराच वेळ पेन चावलं आणि लिहिलं: प्लॅस्टिकच्या घड्याळाशी.