अतितातडीची ठकू

गुरुवारी दुपारी एक वाजून चाळीस मिनिटांनी कंपनीतल्या सगळ्या स्क्रीन एकदम लाल झाल्या आणि त्यांवर अक्षरं उमटली : “अतितातडीचं. ठकू झोपत नाही.”

ठकू म्हणजे लीडबाईंची आठ महिन्यांची मुलगी. लीडबाई रजा संपवून कामावर परतल्याला आज चौथा दिवस. दवाखान्यांसाठी केलेलं नवं सॉफ्टवेअर तीन वाजता सोडायचं होतं. ते वेळेवर गेलं तर लीडची, म्हणजे गटप्रमुखाची, जागा त्यांच्याकडे राहणार, नाहीतर ती ऑफिसातल्या एकमेव सडाफटिंगला मिळणार, असं संचालकांनी सोमवारीच गोड शब्दांत सांगून टाकलं होतं. “तुमच्या सोयीसाठीच हो,” असंही वर म्हणाले. ही सोय त्यांच्याकडे कोणी मागितली होती कोण जाणे!

आता ठकू स्क्रीनवर कशी आली, ते सांगायला हवं. लीडबाई, जुळ्यांची आई असलेली टेस्टर आणि पहिलीतल्या मुलीची आई डेटाबेसवाली, या तिघींनी आपसात पाळी लावली होती. कोणाच्याही घरून काही निरोप आला तरी पाळीवालीने तो निस्तरायचा, बाकीच्या दोघींनी डोकं खाली घालून काम करायचं. इतर बायकांनी यासाठी फोनवर ग्रुप काढला असता. पण या पडल्या सॉफ्टवेअरवाल्या. त्यांनी तिन्ही घरं कंपनीच्या तक्रार यंत्रणेलाच जोडून टाकली. घरच्यांनी तिकीट, म्हणजे तक्रार, टाकायचं, पाळीवालीने उचलायचं. दहा मिनिटांत नाही उचललं, तर यंत्रणा ते आपोआप वरच्या साहेबाकडे ढकलणार, आणि अतितातडीचं असेल तर सगळ्या स्क्रीनवर झळकवणार.

आज पाळी टेस्टरची होती आणि फोन चार्जिंगला लावून ती तो साफ विसरली होती.

“पण अतितातडीचं कशाला टाकलं, आई?” लीडबाईंनी घरी फोन लावून सासूबाईंना विचारलं. मागून ठकूचा टाहो ऐकू येत होता.

“मग काय टाकू? तीनच तर पर्याय होते. किरकोळ, मध्यम आणि हे. माझी नात काय किरकोळ आहे?”

“बरं, राहू दे. आता तिथे ‘सुटलं’ असं लिहिलेलं हिरवं बटण आहे ना, ते दाबा.”

“झोपली कुठे ती?”

“नसू दे झोपली. तुम्ही दाबा तर खरं.”

“अगं, पस्तीस वर्षं पालिकेत जन्ममृत्यूच्या नोंदी केल्या मी. एक नोंद खोटी नाही केली. आता तुझ्या बटणापायी करू?”

लीडबाईंनी घड्याळाकडे पाहिलं. कारण अतितातडीचं तिकीट उघडं असलं की यंत्रणा कुठलंही नवं सॉफ्टवेअर बाहेर जाऊ देत नसे, आणि तिकीट ज्याने टाकलं त्यालाच ते बंद करता येई. हा नियम मागच्या वर्षी लीडबाईंनीच करून घेतला होता. तेव्हा त्यांचं कौतुकही झालं होतं.

तिकीट तोवर संचालकांपर्यंत पोचलं. ते तरातरा आले. “कोण ही ठकू? काढून टाका यंत्रणेतून!”

“काढता येत नाही, साहेब,” सडाफटिंग म्हणाला. “उघडं तिकीट असताना नोंद पुसता येत नाही.”

“मग नियमाप्रमाणे काय करायचं?”

“नियमाप्रमाणे सगळ्यांनी मोठ्या खोलीत जमायचं.”

जमले. चौदा इंजिनिअर, संचालक, आणि दवाखान्यांकडून आलेले एक अत्यंत सभ्य गृहस्थ, ज्यांना आपण कशासाठी बसलोय हे विचारायचा संकोच वाटत होता. भिंतीवरच्या मोठ्या पडद्यावर सासूबाई आणि त्यांच्या कडेवर लालबुंद ठकू. सव्वादोन वाजले होते.

सडाफटिंगने वहीत बघून विचारलं, “बंद करून पुन्हा चालू करून पाहिलं का?”

“तुझ्या आईला विचार, तू कसा बंद व्हायचास,” सासूबाई म्हणाल्या.

मग सूचनांचा पाऊस पडला. कोणी पंखा वाढवा म्हणालं, कोणी कमी करा म्हणालं. एकाने ठकूच्या रडण्याचा आलेख काढला आणि तो चढता आहे असं गंभीरपणे जाहीर केलं. ते सभ्य गृहस्थ शेवटी न राहवून गुणगुणायला लागले. ठकूने क्षणभर त्यांच्याकडे पाहिलं आणि दुप्पट जोराने भोकाड पसरलं.

“हा त्रास कधीपासून आहे?” संचालकांनी विचारलं.

“सोमवारपासून. रविवारपर्यंत दुपारची दोन-दोन तास झोपायची पोर.”

“सोमवारी काय बदललं?”

सासूबाई घुटमळल्या. खोटं तर बोलायचं नव्हतं. “सोमवारपासून... तिची आई कामावर जायला लागली.”

संचालकांनी हात पसरले. “बघा. मी काय म्हणत होतो? लिहा कारण.”

सडाफटिंगने पेन उघडलं. लीडबाईंच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. गेले चार दिवस रोज दार ओढून घेताना जे मनात येत होतं, तेच आता कंपनीच्या नोंदीत शाईने चढणार होतं. ‘बरोबरच आहे,’ त्यांना वाटलं. ‘माझंच चुकलं.’

“थांब रे!” टेस्टर उठली. फोन विसरल्याची शरम तिला खात होतीच, आता तिचा पारा चढला. “एक बदल सापडला की झालं कारण? माझ्याकडे कोणी असा रिपोर्ट आणला असता तर तोंडावर फेकला असता! सोमवारी आणखी काय काय बदललं? आजी, सांगा सगळं.”

“काही नाही गं. तेच दूध, तीच दुपटी. ठकूच्या बापाने आठवड्याची रजा टाकली, एवढंच. पण ते तर चांगलंच ना? तो घेतो तिला, थोपटतो. तरी रडते.”

“तो थोपटायला घेतो तेव्हाच रडं सुरू होतं का?”

सासूबाई विचारात पडल्या. “हो की गं.”

“बोलवा त्याला.”

ठकूचा बाबा पडद्यावर आला. चार दिवसांत बिचाऱ्याचे डोळे खोल गेले होते. त्याने ठकूला घेतलं. ठकूने त्याच्या तोंडाकडे बघितलं आणि खोलीतल्या काचा हादरल्या.

डेटाबेसवाली इतका वेळ पडद्याकडे निरखून बघत होती. ती उठून लीडबाईंच्या टेबलावरची त्यांच्या नवऱ्याची तसबीर घेऊन आली आणि पडद्याशेजारी धरली. “हे दोघं एकच आहेत का?”

चौदा इंजिनिअर पुढे वाकले.

“अरे!” सासूबाई किंचाळल्या. “तुझी मिशी कुठाय?”

“रविवारी रात्री काढली,” तो ओशाळून म्हणाला. “म्हटलं, ही कामावर जाणार, मीही जरा ताजातवाना दिसावं. चार दिवस वाट बघतोय, कोणीतरी काही बोलेल म्हणून.”

“अगं बाई!” लीडबाईंनी कपाळाला हात लावला.

“कोणालाही न सांगता बदल केला!” सडाफटिंग हादरून म्हणाला. सॉफ्टवेअरच्या धंद्यात याहून मोठा गुन्हा नाही.

“जुनं परत आणा,” टेस्टरने हुकूम सोडला. “स्केचपेन आहे का घरात?”

सासूबाईंनी पोराला खुर्चीत बसवलं. डेटाबेसवाली तसबीर बघून सांगत गेली, “डावीकडे जाड. अजून. टोक खाली.” दोन वाजून एक्केचाळीस मिनिटांनी मिशी पूर्ण झाली. ठकूने ती निरखून बघितली, बोटाने ओढून पाहिली, एक मोठा हुंदका दिला आणि बापाच्या खांद्यावर मान टाकली.

चौदा इंजिनिअर घड्याळाकडे बघत बसले. दहा मिनिटं गेली. सासूबाईंनी नातीच्या नाकाशी बोट धरून खात्री केली आणि मगच हिरवं बटण दाबलं. कारणाच्या रकान्यात त्यांनी लिहिलं : “मुलाने मिशी काढली. सुनेचा काही संबंध नाही.” लीडबाईंनी ते दोनदा वाचलं आणि मोठ्याने नाक शिंकरलं. बरोबर तीन वाजता सॉफ्टवेअर गेलं.

प्रकरण एवढ्यावर मिटायला हवं होतं. पण यंत्रणेच्या लेखी ठकूचं घर आता ‘नाजूक’ गटात गेलं होतं आणि तिथला प्रत्येक बदल लेखी मंजुरीनेच व्हायचा होता. सोमवारी सकाळी संचालकांसमोर ठकूच्या बाबाचा अर्ज येऊन पडला : “केस वाढलेत. कापू का?”

संचालकांनी तो तीनदा वाचला. मग मंजुरी देणाऱ्याच्या जागी असलेलं स्वतःचं पद त्यांनी खोडलं, तिथे ‘लीडबाई’ असं लिहिलं आणि शेजारच्या ‘किती काळासाठी’ या रकान्यात ‘कायम’ भरून अर्ज पुढे पाठवून दिला.

लीडबाईंनी केस कापायचा अर्ज लगेच नामंजूर केला.