एकशे साठ साखळ्यांचा मैल

आमचे घरमालक बबननाना यांना किलोमीटर चालत नाहीत. एखाद्या गाडीवाल्याने "काका, पौड किती किलोमीटर?" असं विचारलं, तर ते शांतपणे म्हणतात, "ते म्या न्हाई मोजलं. मैल इचारा."

वय बासष्ट. दर रविवारी सकाळी नाना मारुतीच्या पारापासून ओढ्यावरच्या मोरीपर्यंत डांबरी रस्त्याने एक मैल पळतात. सहा मिनिटांच्या आत यायचं, एवढा एकच हट्ट. मी मोरीवर घड्याळ घेऊन उभा असतो. पारावरून फोन येतो, "गुरुजी, सुटलो," की मी कळ दाबायची. वाटेत लवासाकडे निघालेल्या गाड्या थांबतात, लिफ्ट हवी का विचारतात. नाना पळता पळताच म्हणतात, "तुमीच उतरा."

परदेशातले पट्टीचे गडी हाच मैल चार मिनिटांच्या आत संपवतात. नाना ते व्हिडिओ जेवताना बघतात आणि त्यांनाच शिकवतात, "आरं, वळनावर आतनं काप की." "या वयात कशाला?" असं विचारण्याची चूक मी एकदा केली. आठवडाभर माझ्याशी बोलले नाहीत.

आजवरची त्यांची उत्तम वेळ सहा मिनिटं चार सेकंद. ते चार सेकंद म्हणजे त्यांची भावकीच आहे. "लई माजल्यात, पर म्या सोडत न्हाई," म्हणतात.

हा मैल नानांनी स्वतः मोजलेला. जन्मभर त्यांनी जमीन मोजणीत साखळी धरली. साखळी तेहतीस फुटांची, अशा एकशे साठ टाकल्या की मैल भरतो. हा मैल मोजला त्या दिवशी दुसरं टोक त्यांच्या बायकोने, रखमाकाकूंनी धरलं होतं. चार वर्षांपूर्वी काकू गेल्या.

गेल्या महिन्यात आमची दुसरी भाडेकरू मृणाल अंतर मोजायचं चाक घेऊन आली. ती हिंजवडीत नोकरी करते आणि मॅरेथॉन पळते. तिने पारापासून मोरीपर्यंत दोनदा चाक फिरवलं आणि हसायलाच लागली.

"नाना, तुमचा मैल छत्तीस मीटर जास्त भरतोय. खऱ्या मैलाला तुमची वेळ पाच छप्पन्न. तुम्ही कधीच जिंकलात."

मला इतका आनंद झाला की मी पेढे आणायला निघालो. नाना मोरीच्या कठड्यावर बसले होते. त्यांनी माझी बाही धरली.

"बसा गुरुजी. दर साखळीला वीतभर जास्त सोडलीया रखमानं. मला तवाच कळलं हुतं. म्हनली, उद्या कुनी म्हनू नये बबनचा मैल कमी हाय."

"मग तेव्हाच दुरुस्त का नाही केला?"

"एकशे साठ येळा वाकली ती, उन्हाची. मोजनीत कुनाचं ऐकून न घेनारा मानूस मी, पर तिचं टोक म्या मागं घेतलं न्हाई. आता बी घेनार न्हाई."

"पण नाना, सहाच्या आत तुम्ही आलाच आहात."

"चाकाच्या मैलात आलो आसंन. तिच्या न्हाई."

मृणालने चाक गाडीत ठेवलं. नानांचा राग मी पाहिला होता, पण असे भरलेले डोळे कधी पाहिले नव्हते.

पुढच्या रविवारी फोन आला, "गुरुजी, सुटलो." मी कळ दाबली. सहा मिनिटं तीन सेकंद. नाना गुडघ्यांवर हात ठेवून धापा टाकत होते. मी घड्याळ दाखवलं, तर माझ्याकडे न बघता रस्त्याकडे वळून म्हणाले, "तीन ऱ्हायल्यात गं."